एकशे दहाचे भांडण

२०२३ साली पवईची 'नीटी' ही इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगची राष्ट्रीय संस्था कायद्याने आयआयएम मुंबई झाली. मेकॅनिकल झालेल्या मुलांना डोळे झाकून नीटीचे नाव सुचवणाऱ्या पिढीला थोडी चुटपुट लागली. तसे पाहिले तर पाटी उशिराच बदलली. इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग शिकलेली मुले कारखान्यातून केव्हाच बाहेर पडली होती.

मुंबईत या विद्येची पहिली ओळख झाली ती भांडणातून. १९२८ साली गिरण्यांचे मालक 'कार्यक्षमते'च्या नावाखाली विणकराकडून दोनऐवजी तीन माग चालवून घ्यायला निघाले, आणि गिरणगाव सहा महिने संपावर गेले. स्वातंत्र्यानंतर सरकारने हीच गोष्ट 'उत्पादकता' म्हणून हाती घेतली. १९५८ मध्ये राष्ट्रीय उत्पादकता परिषद आली आणि १९६३ मध्ये, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या साह्याने, विहार तलावाजवळ नीटी. आधी नोकरीतल्या अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण आणि पुढे इंजिनिअरांसाठी दोन वर्षांची पदव्युत्तर पदविका, असा तिचा क्रम.

त्या काळच्या आय.ई. खात्यात लागलेला इंजिनिअर म्हणजे स्टॉपवॉच आणि पाटी घेऊन मशीनपाशी उभा राहणारा माणूस. तो दिसला की कामगाराचा हात आपोआप जड होई. म्हणून नुसती वेळ मोजून भागत नसे, वेगाला 'रेटिंग' द्यावे लागे. नेहमीचा वेग म्हणजे १००. समजा, एका जॉबला ४० सेकंद लागले आणि कामगार नेहमीपेक्षा चपळाईने करतो आहे असे वाटून त्याला ११० दिले. ४० चे झाले ४४, त्यात थकवा वगैरेची १५ टक्के सूट मिळवली की ५०.६ सेकंद. आठ तासांत ५६९ जॉब. रेटिंग १०० धरले असते तर ६२६. म्हणजे पाळीमागे ५७ जॉबचा फरक, आणि तोही एका माणसाच्या नजरेवर! युनियन भांडे ती या एकशे दहावर, आणि माझ्या मते तिथेच या विषयाचे खरे शिक्षण होई. एवढे तोलूनमापून सांगितलेले प्रमाण कामगाराला समोरासमोर कसे पटवून द्यायचे, हे कुठल्याही पुस्तकात नव्हते.

दरम्यान विषयाची दुसरी शाखा गणिताकडे वळली होती. ऑपरेशन्स रिसर्च दुसऱ्या महायुद्धात वाढले. डँटझिग यांनी १९४७ मध्ये रेषीय प्रोग्रॅमिंगचे प्रश्न सोडवणारी सिम्प्लेक्स पद्धत दिली. १९८४ मध्ये बेल लॅब्जमधल्या नरेंद्र करमरकर यांनी त्यातलेच प्रचंड प्रश्न सोडवणारी वेगळी वाट काढली. करमरकर मूळचे आयआयटी मुंबईचे. (त्या पद्धतीचे पेटंट घेतले गेले, आणि गणिताचे पेटंट कसले, म्हणून वादही झाला.) कुठले विमान कुठे पाठवायचे, किती माल साठवायचा, असे प्रश्न आता खोलीत बसून सुटू लागले. एम.टेक.ला याच विषयाकडे वळणाऱ्यांना शॉपफ्लोअरवर जायचे कारणच उरले नाही.

१९८३ मध्ये मारुतीची पहिली गाडी बाहेर पडली आणि सोबत जपानी कायझेन आले. सुधारणा सुचवायचा मान लाइनवरच्या माणसाकडे गेला, हे चांगलेच झाले. १९९१ नंतर सल्लागार कंपन्या, सॉफ्टवेअर, बँका यांनी नीटीच्या मुलांना उचलायला सुरुवात केली. कारखान्यातल्या आणि इथल्या पगारांतली तफावत पाहता त्यांना दोष कसा द्यावा? चाकणच्या वेंडरकडे टाइम-स्टडी करायला डिप्लोमावाला मुलगा पुरतो, असा हिशेब झाला. गोदामात तर तीही गरज नाही. स्कॅनर दर वस्तूची वेळ आपसूक नोंदवतो. त्या आकड्याशी भांडायचे असेल तर समोर माणूसच नाही.

आता पुण्या-मुंबईची पुष्कळ मुले इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगमध्येच एम.एस. करायला अमेरिकेत पर्ड्यू, पेन स्टेट, ॲरिझोना स्टेटला जातात. पेन स्टेटमध्ये हा विषय १९०८-०९ पासून शिकवला जातो, पण मुले जातात ती इतिहासासाठी नव्हे. ही पदवी 'स्टेम'मध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) मोडते, आणि अमेरिकेच्या २०१६ च्या नियमानुसार शिक्षणानंतर एकूण तीन वर्षे तिथे काम करता येते. पहिला हुद्दा पुष्कळदा 'सप्लाय चेन ॲनालिस्ट'. कारखाना अनेकांनी पाहिलेला असतो तो बी.ई.च्या इंडस्ट्रियल व्हिजिटला, दुपारच्या जेवणापर्यंत.