झाकणावरची पांढरी पावडर

कॅरम खेळताना सोंगट्या सरसर धावाव्यात म्हणून बोर्डावर आपण जी पांढरी पावडर भुरभुरतो, ती बोरिक पावडर. कणकेत मिसळून तिच्या गोळ्या केल्या की स्वयंपाकघरातली झुरळं कमी होतात. अशी ही घरोघरची, गरीब वाटणारी वस्तू. आज मी जी हकिकत सांगणार आहे, तिच्यात याच पावडरीने साडेसहा इंच जाडीचं पोलाद खाल्लं. तेही अमेरिकेतल्या एका अणुविद्युत केंद्रात, जिथे तपासणीचे नियम कडक आणि तपासनीस कायम मुक्कामाला असतात.

या केंद्राचं नाव डेव्हिस-बेसी. ओहायो राज्यात, टोलेडो शहराच्या पूर्वेला, ईरी सरोवराच्या काठी ते उभं आहे. सुमारे नऊशे मेगावॉटचं हे केंद्र 1970 च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालं.

अणुभट्टीत बोरिकचं काय काम, असं तुम्ही विचाराल. इंधनातला अणू फुटला की न्यूट्रॉन नावाचे कण बाहेर पडतात आणि ते पुढचे अणू फोडत जातात. बोरॉन हे कण गिळून टाकतं. म्हणून भट्टीच्या पाण्यात बोरिक ॲसिड विरघळवून ठेवतात. त्याचं प्रमाण कमीजास्त केलं की भट्टीची धग आवरता येते. भट्टीचं भांडं म्हणजे एक अवाढव्य कुकर समजा. आतलं पाणी तीनशे अंश सेल्सियसच्या वर तापलेलं, आणि दाब आपल्या हवेच्या दाबाच्या सुमारे दीडशेपट. वर पोलादी झाकण, आणि झाकणात बसवलेल्या 69 नळ्या. भट्टी थांबवणाऱ्या नियंत्रक कांड्या यातल्या बहुतेक नळ्यांतून खालीवर होतात. झाकणाला आतून स्टेनलेस स्टीलचं पातळ अस्तर असतं, कारण पोलादाला ॲसिड सोसत नाही. झाकणाच्या बाहेरच्या बाजूला मात्र अस्तर नाही. तिथे पाणी पोचणारच नाही, हे गृहीत धरलेलं.

2001 च्या सुरुवातीला साउथ कॅरोलिना राज्यातल्या ओकोनी केंद्रात या नळ्यांना तडे गेलेले आढळले. तडे उभे असते तर एवढी चिंता नव्हती. हे आडवे, नळीभोवती गोल फिरत गेलेले होते. असा तडा पूर्ण फिरला तर नळी तुटून बंदुकीच्या गोळीसारखी वर उडणार. डेव्हिस-बेसीची भट्टीही त्याच कंपनीने, त्याच पद्धतीने बनवलेली. ऑगस्ट 2001 मध्ये अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने देशभरच्या अशा केंद्रांना पत्र पाठवून विचारलं की, तुमच्या नळ्यांची स्थिती काय, आणि तुम्ही ती कशी तपासली? ज्यांना धोका जास्त, त्यांनी 31 डिसेंबरपर्यंत नळ्या तपासाव्यात, असंही बजावलं.

डेव्हिस-बेसीची ठरलेली बंदी मार्च 2002 अखेरची होती. इंधन बदलायला केंद्र तेव्हा थांबणारच होतं. त्याआधी थांबवायचं म्हणजे ऐन हिवाळ्यात वीज बाहेरून विकत घ्यायची, आणि त्यात पैसा जातो. कंपनीने कळवलं की, आम्ही 1996, 1998 आणि 2000 मध्ये झाकण पाहिलेलं आहे, नळ्या गळत असल्याची खूण नाही, मार्चपर्यंत थांबू द्या.

मी शब्दांचा व्यवहार करणारा माणूस, म्हणून या ‘पाहिलेलं आहे’पाशी अडतो. झाकण पाहायचं कसं? त्याच्यावर एक पोलादी घुमट बसवलेला होता आणि त्याच्या तळाशी पाच बाय सात इंचांची छोटी भोकं होती. तिथले कामगार त्यांना उंदराची बिळंच म्हणत. त्यातून कॅमेरा सरकवून जेवढं दिसेल तेवढं पाहायचं. मध्यभाग उंच आणि दूर, शिवाय पांढऱ्या पावडरीच्या थराखाली झाकलेला. म्हणजे कॅमेरा गेला, चित्रफीत झाली, नोंद झाली, पण कित्येक नळ्यांचं बूड दिसलंच नव्हतं. बिळांच्या जागी मोठ्या खिडक्या कापाव्यात, हा प्रस्ताव 1990 पासून कागदावर होता. त्याच बनावटीच्या इतर केंद्रांनी खिडक्या कापल्याही. इथे दरवेळी तो पुढच्या बंदीवर ढकलला जाई.

पावडर आली कुठून, याचंही एक उत्तर तयार होतं. नळ्यांच्या वरच्या भागातले सांधे पूर्वी खरोखरच गळायचे, तिथलंच पाणी खाली ओघळून सुकलं असणार, असं म्हणत. उत्तर खोटं नव्हतं. खरं कारण हाताशी होतं, म्हणून दुसरं कुणी शोधलं नाही.

आणि खुणा तर ओरडत होत्या. 2000 मध्ये काढलेल्या एका छायाचित्रात त्या बिळांमधून ओघळलेली पावडर पांढरी नाही, तांबडी आहे. कॅरमची पावडर तांबडी कधी होते? तिच्यात लोखंडाचा गंज मिसळला तरच. इमारतीतली हवा तपासणाऱ्या यंत्राच्या गाळण्या महिना महिना टिकायच्या. 1999 पासून त्या बारीक गंजाने आणि बोरिकने तुंबू लागल्या. शेवटी दर दोन दिवसांनी बदलाव्या लागत. लोक निमूट गाळण्या बदलत राहिले.

आयोगाच्या लोकांना शंका होती, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. नोव्हेंबरमध्ये केंद्र बंद करण्याच्या आदेशाचा मसुदाही तयार झाला होता. पण तो निघाला नाही. मधला रस्ता ठरला. केंद्राने 16 फेब्रुवारी 2002 ला थांबावं, तोवर पाण्याचं तापमान थोडं कमी ठेवावं आणि आणीबाणीसाठी एक जादा माणूस नेमावा. बाजारात घासाघीस करून भाव ठरवावा, तशी ही तारीख ठरली. आयोगाच्याच महानिरीक्षकांनी त्या वर्षाच्या अखेरीस लिहिलं की, कंपनीचं आर्थिक नुकसान कमी व्हावं ही इच्छा या निर्णयामागे मोठ्या प्रमाणात होती. मला वाटतं, मूळ घोटाळा प्रश्नातच होता. ‘धोका आहे हे सिद्ध करा’ असं म्हटलं तर पुरावा तपासनिसाने आणायचा असतो, आणि पुरावा तर झाकणाखाली. ‘सुरक्षित आहे हे दाखवा’ असं म्हटलं असतं, तर कंपनीला झाकण धुऊन पुसून दाखवावंच लागलं असतं.

फेब्रुवारीत केंद्र थांबलं. पाच नळ्यांना तडे सापडले, त्यातले तीन आरपार. दुरुस्ती सुरू झाली आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात तीन नंबरच्या नळीवर काम करणारं यंत्र अचानक कललं. नळी जागची हलली होती. साडेसहा इंच पोलादात घट्ट बसवलेली नळी हलते कशी? पावडर खरवडून, धुऊन काढली तेव्हा उत्तर दिसलं. नळीशेजारी पोलादच नव्हतं. सोललेला नारळ बसेल एवढा खड्डा, आणि त्याच्या तळाशी फक्त स्टेनलेस स्टीलचं अस्तर, एक सेंटिमीटरहूनही पातळ. दीडशेपट दाब त्याने एकट्याने पेलला होता आणि ते बाहेरच्या बाजूला फुगलं होतं.

ते फाटलं असतं तर? तापलेलं पाणी वाफ होऊन झाकणातून उसळलं असतं. अशा वेळी भट्टी थंड ठेवायला राखीव पंप असतात. ते आधी टाकीतलं आणि मग खाली साचलेलं पाणी भट्टीत फिरवत राहतात. आता गंमत पाहा, तिला गंमत म्हणवत नाही. केंद्र बंद असतानाच्या तपासणीत निघालं की, खाली साचलेलं पाणी घेण्याच्या जाळ्या कचऱ्याने तुंबू शकत होत्या आणि जास्त दाबाचे पंपही त्या कचऱ्याने बिघडू शकत होते. म्हणजे पहिली भिंत ॲसिडने खाल्ली होती आणि दुसरीचा भरवसा नव्हता.

कुणाला इजा झाली नाही, किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. केंद्र मात्र दोन वर्षं बंद राहिलं. ऑगस्ट 2002 मध्ये कंपनीने स्वतःच्या चौकशीत मान्य केलं की, लक्ष वीजनिर्मितीवर होतं आणि नियमांची पूर्तता होईल एवढीच किमान कामं केली जात होती. जुनी गाडी आरटीओच्या पासिंगपुरती रंगवून नेणारे आपल्याकडेही काही कमी नाहीत. मिशिगनमधल्या मिडलँड इथल्या अपुऱ्या राहिलेल्या केंद्राचं न वापरलेलं झाकण विकत आणून बसवलं. आयोगाने खास देखरेख समिती नेमली, गावकऱ्यांसमोर जाहीर बैठका घेतल्या. वरचे अधिकारी बदलले. मार्च 2004 मध्ये परवानगी मिळाली. 2005 मध्ये आयोगाने साडेचोपन्न लाख डॉलरचा दंड केला. 2006 मध्ये सरकारी खटला टाळण्यासाठी कंपनीने 2 कोटी 80 लाख डॉलर भरायचं कबूल केलं. कागदावर खोटी माहिती दिल्याबद्दल दोन माजी कर्मचारी न्यायालयात दोषी ठरले, तुरुंगात मात्र कुणी गेलं नाही. ‘तपासलं’ हा शब्द लिहिणारे सापडले. तो वाचून ज्यांना हायसं वाटलं, ते त्या खटल्यात नव्हते.

पुढे 2010 मध्ये त्या दुसऱ्या झाकणाच्या नळ्यांतही तडे सापडले. एकूण 24 नळ्या दुरुस्त कराव्या लागल्या. या खेपेस झाकण उघडं आणि स्वच्छ होतं, त्यामुळे खड्डा पडण्याआधी तडे दिसले. 2011 मध्ये वेगळ्या मिश्रधातूच्या नळ्यांचं तिसरं झाकण आलं. ते आत न्यायला बाहेरची काँक्रीटची भिंत कापावी लागली, आणि कापताना भिंतीच्या पोटात भेगा दिसल्या. शोध घेतला तेव्हा मूळ निघालं 1978 च्या हिमवादळात. भिंतीला बाहेरून ओल रोखणारा थरच दिलेला नव्हता, पाणी आत मुरलं आणि गोठलं होतं. तो थर 2012 मध्ये दिला.