कापडदुकानातील संबोधन आणि समतेचा प्रश्न

दुकानदार गिऱ्हाइकांत भेद करतो असे म्हटले म्हणजे माल नाकारणे अथवा भाव चढवून सांगणे या दोन गोष्टी चटकन मनासमोर येतात. परंतु कापडाचा ताका उलगडण्यापूर्वी आणि भाव सांगण्यापूर्वी दुकानदार काहीतरी बोलतो. आणि मराठीची व्याकरणिक घडणच अशी आहे की, त्या पहिल्या बोलण्यातच समोरच्या माणसाची पायरी बहुधा ठरून जाते. विषम वागणुकीचा विचार करताना भाषेच्या अभ्यासकाने लक्ष द्यावे असे स्थळ ते हेच होय.

दुकानातील समतेचा विचार कायद्याने पूर्वीच केला आहे. भारतीय घटनेच्या १५ व्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमानुसार केवळ धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणासही दुकानात प्रवेश नाकारता येत नाही. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत या तरतुदीवर चर्चा झाली. त्या वेळी, ‘दुकान’ हा शब्द केवळ आत जाऊ देण्यापुरत्या संकुचित अर्थाने योजलेला नसून, अटी मान्य असणाऱ्यास सेवा मिळावी या व्यापक अर्थाने योजलेला आहे, असा खुलासा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी केला. पुढे १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने, म्हणजेच १९७६ पासूनच्या नागरी हक्क संरक्षण अधिनियमाने, इतरांस ज्या अटींवर माल विकला जातो त्याच अटींवर तो विकण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून नकार देणे हा गुन्हा ठरविला. प्रवेश, माल आणि अटी यांची व्यवस्था अशी झाली. आदराने बोलणे हेही त्या अटींपैकीच एक मानावे काय, हा प्रश्न मात्र उरतो.

आजच्या इंग्रजीत समोरच्या व्यक्तीस उद्देशून एकच सर्वनाम चालते. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ असे तीन पर्याय असून त्यांतील भेद सर्वनामापुरता न राहता क्रियापदातही उतरतो. ‘बस’, ‘बसा’ आणि ‘बसावे’ यांतील क्रिया एकच, परंतु मान निरनिराळा. ‘काय पाहिजे?’ किंवा ‘काय दाखवू?’ अशा रचनांनी ही निवड काही काळ टाळता येते. पण आज्ञार्थ आला की ती पळवाट संपते. गिऱ्हाइकाच्या देखत नोकरास दिलेली सूचनाही अशीच बोलकी असते. ‘याला धोतर दाखव’ आणि ‘यांना धोतर दाखव’ या दोन वाक्यांत माल बदललेला नाही. दुकानदाराच्या लेखी गिऱ्हाइकाची किंमत बदलली आहे.

परभणी जिल्ह्यातील पेठा या दृष्टीने अभ्यसनीय आहेत. सेलू, मानवत, गंगाखेड, जिंतूर या ठिकाणी लग्नसराईत खेड्यांतील कुटुंबेच्या कुटुंबे बस्ता बांधण्यासाठी येतात. कापूस पिकविणारा शेतकरी येथे कापडाचा गिऱ्हाईक होतो. धोतर-पटक्यातील वृद्धास ‘मामा’, नऊवारी नेसलेल्या स्त्रीस ‘मावशी’, आणि शहरी पोशाखातील जोडप्यास ‘साहेब’ व ‘मॅडम’, अशी संबोधनांची वाटणी पोशाखावरून होताना दिसते. १९४८ पर्यंतच्या निजामी राजवटीचा वारसा म्हणून या पेठांत उर्दूचाही वावर आहे. परंतु तीतही ‘तू’, ‘तुम’ आणि ‘आप’ अशा पायऱ्या असल्याने भाषा बदलून हा प्रश्न सुटत नाही.

‘मामा’ आणि ‘मावशी’ हे शब्द स्वतः अपमानकारक नाहीत, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. अनेक मराठी घरांत आई, आजी व मावशी यांना जिव्हाळ्याने ‘तू’ म्हणतात. तेव्हा दुकानातील ‘मावशी, हे घे’ यात आपुलकी आहे की अनादर, हे एकट्या वाक्यावरून सांगता येत नाही. याची कसोटी रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांच्या १९६० मधील प्रसिद्ध निबंधात सापडते. सर्वनाम दोन्ही बाजूंनी सारखे असेल तर ते सख्याचे द्योतक. एका बाजूने ‘तू’ आणि दुसऱ्या बाजूने ‘तुम्ही’ असेल तर ते सत्तेचे. ज्या स्त्रीस विक्रेता ‘तू’ म्हणतो ती त्यास उलट ‘शेठ, तुम्ही’ म्हणत असेल, तर ते नाते मावशीचे नव्हे. हीच कसोटी उलट दिशेनेही लागू पडते : मुलाच्या वयाचे सधन गिऱ्हाईक प्रौढ नोकरास ‘ए, ते दाखव’ म्हणते, तेव्हा विषमतेचा बळी विक्रेता असतो.

विक्रेत्याची भाषा गिऱ्हाइकाच्या दर्जानुसार घडते, हे विल्यम लबॉव्ह यांनी न्यूयॉर्कमधील तीन मोठ्या दुकानांत १९६२ साली केलेल्या पाहणीत दिसून आले. २६४ कर्मचाऱ्यांच्या बोलण्यातील ‘र’चा उच्चार त्यांनी टिपला. प्रतिष्ठेचा मानला जाणारा हा उच्चार सर्वांत महागड्या दुकानात ६२ टक्के, मध्यम दुकानात ५१ टक्के, तर स्वस्त दुकानात सुमारे एक पंचमांश कर्मचाऱ्यांकडून पूर्णतः वा अंशतः झाला. तेथील भेद दुकानादुकानांतला होता, आणि तो विक्रेत्याच्या स्वतःच्या उच्चाराचा होता. मराठी कापडदुकानात तो एकाच गादीवर, एकाच विक्रेत्याच्या तोंडून, दोन गिऱ्हाइकांच्या संदर्भात प्रकट होऊ शकतो. आणि तो थेट ऐकणाऱ्याविषयी असल्याने अधिक बोचतो.

यावरून अभ्यासाची दिशा सूचित होते. ‘तुम्ही सर्वांशी सारखे बोलता काय?’ असे विचारल्यास बहुधा आदर्श उत्तर मिळेल. म्हणून प्रत्यक्ष बोलणेच टिपले पाहिजे, आणि तेही जोडीने : विक्रेत्याचे संबोधन व गिऱ्हाइकाचे प्रत्युत्तर. त्यासोबत वय, पोशाख, लिंग आणि खरेदीची रक्कम यांची नोंद केल्यास वयाचा मान कोठे संपतो व पैशाचा कोठे सुरू होतो, हे वेगळे करता येईल. ‘एकच भाव’ अशी पाटी लावल्याने दुकानातील घासाघीस थांबते. संबोधनाला मात्र ती पाटी लागू होत नाही. प्रत्येक अनोळखी प्रौढास ‘तुम्ही’ म्हणण्यास दुकानदाराला काही खर्च येत नाही. तरीही ते का घडत नाही, हे शोधणे समाजभाषाविज्ञानाचे काम आहे.