रक्ताच्या वाटा

एकदा वर्गात एका मुलाने विचारले, ‘‘सर, आमच्या शेजारच्या चाचांच्या हातात डॉक्टरांनी मशीन बसवले आहे का? हात लावला की आत घरघर लागते.’’

त्या चाचांना मी ओळखत होतो. त्यांच्या दोन्ही किडन्या, म्हणजे मूत्रपिंडे, निकामी झाली आहेत. आठवड्यातून दोन वेळा ते शहरात डायलिसिसला जातात. आपल्या संग्रामपूर तालुक्यात हा शब्द कोणाला नवीन नाही. तालुक्यातील कितीतरी गावे खारपाण पट्ट्यात आहेत. तेथील जमिनीखालचे पाणी खारट आहे आणि तेथे किडनीचे रुग्ण अनेक वर्षांपासून आढळत आले आहेत.

चाचांच्या हातात मशीन मुळीच नाही. तेथे फक्त दोन रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या आहेत. पण ही जोडणी का करावी लागली, हे समजण्यासाठी आधी रक्तवाहिन्यांची ओळख करून घेतली पाहिजे.

उर्दूत आपण ज्यांना शिरयान आणि वरीद म्हणतो, त्यांना मराठीत रोहिणी आणि नीला म्हणतात. धमनी आणि शीर ही त्यांचीच दुसरी नावे. हृदय आकुंचन पावले की रक्त जोराने रोहिणीत ढकलले जाते. हा जोर सोसायचा म्हणून रोहिणीची भिंत जाड, स्नायूंची व लवचीक असते. मनगटावर बोटे ठेवली असता जी नाडी लागते, ती रोहिणीचीच उडी होय. बहुतेक रोहिण्या शरीरात खोल असतात.

नीला रक्त हृदयाकडे परत आणते. तोपर्यंत रक्ताचा जोर संपत आलेला असतो, म्हणून नीलेची भिंत पातळ असली तरी भागते. मात्र पायातले रक्त वर चढायचे कसे? त्यासाठी हातापायांच्या नीलांमध्ये झडपा असतात. चालताना पोटऱ्यांचे स्नायू नीलांना दाबतात, रक्त वर सरकते आणि झडपा त्याला मागे येऊ देत नाहीत. हे तुम्ही स्वतः पाहू शकता. हात खाली सोडा. हाताच्या मागील बाजूस फुगलेली एक नीला बोटाने दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने तिच्यातले रक्त कोपराच्या दिशेने सारा. पहिले बोट उचलेपर्यंत नीला बरेचदा रिकामीच राहते! नीला निळसर दिसते, पण आतले रक्त निळे नसते. ते गडद लाल असते.

रोहिणी आणि नीला यांना जोडणाऱ्या केशवाहिन्या फार बारीक असतात. केश म्हणजे केस. उर्दूतील ‘उरूके शअरिया’ या नावातही केसच आहे! इंग्लंडच्या विल्यम हार्वे यांनी 1628 साली रक्त शरीरात फिरत राहते हे सिद्ध केले, पण केशवाहिन्या त्यांना दिसल्या नव्हत्या. 1661 साली इटलीच्या माल्पिघी यांनी त्या बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. रक्त हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुप्फुसांतून डाव्या बाजूला येते, हे तर दमास्कसचे हकीम इब्न अन्-नफीस यांनी तेराव्या शतकातच लिहून ठेवले होते.

केशवाहिनीची भिंत एकाच पेशीच्या जाडीची असते. म्हणूनच प्राणवायू, अन्नरस आणि टाकाऊ पदार्थ यांची देवाणघेवाण तेथेच होते. प्रत्येक मूत्रपिंडात केशवाहिन्यांचे सुमारे दहा लाख गुंते असतात. तेथे रक्त गाळले जाते. वाढलेला रक्तदाब व मधुमेह हे गुंते हळूहळू खराब करतात आणि बरेच दिवस दुखत काहीच नाही. आमच्या चाचांनाही पाय सुजेपर्यंत काही कळले नाही.

आता डायलिसिसचे यंत्र पाहा. त्याला दर मिनिटाला सुमारे पाव लिटर रक्त लागते. हातावरच्या नीलेतून इतके रक्त मिळत नाही. रोहिणीत रक्त भरपूर असते, पण ती खोल असते आणि तिला वारंवार मोठी सुई टोचणे धोक्याचे असते. मग करायचे काय? 1966 साली अमेरिकेतील डॉक्टरांनी एक युक्ती प्रसिद्ध केली. त्यांनी मनगटाजवळची रोहिणी शेजारच्या नीलेला जोडली. रोहिणीचे जोरदार रक्त केशवाहिन्यांची वाट टाळून सरळ नीलेत शिरू लागले. काही आठवड्यांत ती नीला रुंद झाली, तिची भिंत जाड झाली. जोर सोसण्याची पाळी आली, तेव्हा नीला रोहिणीसारखी झाली! या जोडणीला फिस्टुला म्हणतात. नीलेत शिरताना रक्ताला भोवरे पडतात, त्याचीच ती घरघर.

पुढे मी त्या मुलाला घेऊन चाचांकडे गेलो. ‘‘मास्टरसाहेब, हा हात मी फार जपतो,’’ ते म्हणाले. त्या हाताने ते पाण्याची बादलीसुद्धा उचलत नाहीत, घड्याळ बांधत नाहीत आणि त्यावर रक्तदाब मोजू देत नाहीत. रोज सकाळी उठले की ते पहिल्यांदा मनगटावर बोटे ठेवतात. घरघर लागली नाही, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, असे डॉक्टरांनी त्यांना बजावले आहे.