रोमँटिक चित्रकारांचे अरण्य

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात सुमारे सहा फूट उंच व दहा फूट रुंद असे रॉकी पर्वताचे एक तैलचित्र आहे. आल्बर्ट बिअरस्टाट याने ते १८६३ साली रंगविले. पायथ्याशी शोशोनी लोकांची छावणी, मध्यभागी निश्चल सरोवर व धबधबा, आणि वर प्रकाशात न्हालेली हिमशिखरे. १८६५ साली त्यास पंचवीस हजार डॉलर किंमत आली. चित्रकाराने १८५९ साली त्या प्रदेशात हिंडून रेखाटने केली होती, हे खरे. परंतु हा देखावा असा, एका जागी उभे राहून, कोणासही दिसणे शक्य नाही. जर्मनीत ड्यूसेलडॉर्फ येथे कला शिकलेल्या बिअरस्टाटने शिखरे उंचावली आणि त्यांना आल्प्सची ऐट दिली.

यावरून त्यास खोटा ठरविणे अन्यायाचे होईल. सृष्टीची नक्कल नव्हे, तर तिच्यापुढे दाटून येणारा विस्मय रंगविणे हेच रोमँटिक चित्रकाराचे व्रत होते. आक्षेप आहे तो निराळाच.

१८६३ साली बिअरस्टाट कॅलिफोर्नियातील योसेमिटी खोऱ्यात गेला. त्या खोऱ्याचे त्याने १८६५ साली जे भव्य चित्र काढले, त्यात माणूस नाहीच. दोहों बाजूंस ग्रॅनाइटचे कडे, मध्ये सोनेरी उजेडात पसरलेले मोकळे कुरण. जणू येथे कधी कोणाचे पाऊलच पडले नाही! वस्तुतः आवाहनीची लोक तेथे पिढ्यान् पिढ्या राहत होते. सोन्याच्या शोधात आलेल्या गोऱ्यांशी संघर्ष होताच, १८५१ साली मॅरिपोसा बटालियन नावाच्या सशस्त्र दलाने खोऱ्यात शिरून त्यांना हुसकावून लावले. चित्रातले मोकळे कुरण ही त्यांचीच करणी. ओकची फळे हे त्यांचे मुख्य अन्न. ओकवृक्षांना ऊन मिळावे, झुडुपे माजू नयेत, म्हणून ते वेळोवेळी गवत पेटवीत. चित्रकाराने ज्यास अस्पर्श निसर्ग मानले, ती निगा राखलेली भूमी होती.

खोरे संरक्षित झाले, आगी बंद पडल्या, आणि पाइन व सीडर यांनी कुरणे व्यापून जुना देखावाही झाकोळू लागला. शेवटी १९७० साली उद्यानाच्या अधिकाऱ्यांनीच योसेमिटीत नियंत्रित आगी लावण्यास आरंभ केला. त्याच्या आदल्याच वर्षी मूळ रहिवाशांच्या खोऱ्यातील वस्तीची उरलीसुरली घरे नष्ट करण्यात आली होती.