समुद्रापार गेलेल्या स्कॉटिश पूर्वजाचा शोध कसा घेतात?

अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत स्कॉटलंडमधील असंख्य कुटुंबे कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आदी देशांत स्थायिक झाली. हायलँड्स प्रदेशात मेंढपालनासाठी जमीनदारांनी कुळांना जमिनीवरून हुसकावले, हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. त्यांचे वंशज आज मूळ गावाचा शोध घेऊ लागतात, तेव्हा पहिली अडचण येते ती नावांची. जॉन मॅक्डोनाल्डसारखे नाव एकाच पॅरिशमध्ये अनेकांचे आढळते. केवळ नाव जुळले म्हणून नाते जोडल्यास पुढची सारी वंशावळ परक्या कुटुंबाची ठरते.

म्हणून शोधाचा आरंभ पूर्वज जेथे निवर्तला, त्या देशातून करणे श्रेयस्कर. तेथील मृत्यूची नोंद, विवाहाची नोंद आणि थडग्यावरील मजकूर यांतून आई-वडिलांची नावे वा जन्मगाव हाती लागू शकते. जहाजावरील प्रवाशांच्या याद्यांवर मात्र फारसे विसंबता येत नाही. ब्रिटनमधून बाहेर गेलेल्यांच्या सलग याद्या १८९० पासूनच्याच आहेत.

स्कॉटलंडमध्ये १ जानेवारी १८५५ पासून जन्म, विवाह व मृत्यू यांची नागरी नोंदणी सक्तीची झाली. मृताच्या नोंदीत आईचे माहेरचे आडनावही असते. त्यामुळे पूर्वज १८५५ पूर्वीच देश सोडून गेला असला, तरी मागे राहिलेल्या भावाच्या वा बहिणीच्या मृत्यूच्या नोंदीतून त्याच्या आई-वडिलांपर्यंत पोहोचता येते. जनगणनेची कागदपत्रेही उपयोगी पडतात. १८४१ च्या जनगणनेत प्रौढांची वये बहुधा पाचाच्या पटीत उतरवलेली आहेत. १८५१ पासून जन्माची पॅरिश व कुटुंबप्रमुखाशी असलेले नातेही नमूद आहे.

त्याआधीचा आधार म्हणजे चर्च ऑफ स्कॉटलंडच्या पॅरिशच्या नोंदवह्या. त्यांतील सर्वांत जुनी १५५३ ची आहे. परंतु अनेक वह्यांत खंड आहेत. १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर होता. तो चुकविण्यासाठी अनेकांनी नोंदच केली नाही. कॅथलिक व इतर पंथीयांची नावेही त्यांत क्वचितच सापडतात.

थोरल्या मुलास वडिलांच्या वडिलांचे, दुसऱ्यास आईच्या वडिलांचे नाव देण्याची प्रथा होती. तो धागा उपयुक्त खरा. पण तो पुरावा नव्हे.

यांतील बहुतेक नोंदी एडिंबरा येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आणि त्याच्या ‘स्कॉटलंड्स पीपल’ या संकेतस्थळावर पाहता येतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत मुंबई इलाख्यात आलेल्या स्कॉटिश माणसांचा माग मात्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदींत घ्यावा लागतो.