बालनाट्याला एकटं येणारी मोठी माणसं

मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत नाट्यगृहांवर बालनाट्यांचे फलक लागतात. प्रयोगाला आई-बाबा, आजी-आजोबा मुलांना घेऊन येतात. त्या गर्दीत एखादी प्रौढ व्यक्ती एकटीच येऊन बसली, की शेजारून विचारणा होते, “तुमचं कोणी नाटकात आहे का?” मूल रंगमंचावर नाही आणि शेजारच्या खुर्चीतही नाही, मग या माणसाचं इथे काय काम? माझं म्हणणं असं, की बालनाट्य हे आधी नाटक आहे. ते बघावंसं वाटणं एवढं कारण पुरेसं आहे आणि असा प्रेक्षक बालरंगभूमीला हवाच आहे.

सुधा करमरकर यांनी अमेरिकेत बालरंगभूमीचा अभ्यास करून १९५९ मध्ये मुंबईत ‘लिट्ल थिएटर’ सुरू केलं, तेव्हा मुलांचं नाटक म्हणजे शाळेच्या स्नेहसंमेलनातली हौस, ही समजूत त्यांनी मोडली. नेपथ्य, वेशभूषा, अभिनय यांत मुलांना कमी दर्जाचं चालतं हे त्यांना मान्य नव्हतं. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी गाजवली आणि २०१८ मध्ये तीच भूमिका वैभव मांगले यांनी केली. पुरुष नटाने चेटकीण उभी करायची, मुलांना घाबरवायचं आणि त्याच क्षणी हसवायचंही, हे अभिनयाचं अवघड काम आहे. एका नटाने ते कसं साधलं आणि पुढच्या पिढीतल्या दुसऱ्याने कसं, हे पाहायला नाटकाची आवड असलेला माणूस येणारच. बर्लिनच्या ‘ग्रिप्स’ची चळवळ मोहन आगाशे यांनी पुण्यात आणली, तिने तर परीकथा बाजूला ठेवून मुलांचं रोजचं जगणं रंगमंचावर आणलं. ‘छान छोटे वाकडे मोठे’सारख्या नाटकांत मुलांच्या भूमिका प्रौढ नट करतात आणि नाटकाचा रोख घरातल्या, शेजारातल्या मोठ्यांच्या वागण्याकडे असतो. ज्यांच्या वागण्याबद्दल नाटक बोलतं, त्यांनी ते केवळ मुलाला सोबत म्हणून बघावं, हे पटत नाही.

पहिला आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. न्यूयॉर्कमध्ये मुलांच्या क्रीडांगणात मूल सोबत असल्याशिवाय प्रौढांना जाता येत नाही, असे फलक असतात. २०१० मध्ये तिथल्या इनवूड हिल पार्कमध्ये अशाच क्रीडांगणातल्या टेबलांवर बुद्धिबळ खेळणाऱ्या काही पुरुषांवर पोलिसांनी कारवाई केली होती. क्रीडांगणात मुलं मोकळी धावत असतात, म्हणून त्या नियमामागची काळजी समजते. नाट्यगृहात मात्र मूल पालकाशेजारी बसलेलं असतं आणि दारावर माणूस उभा असतो. बंदोबस्त हवा तो रंगपटात, विंगेत आणि तालमीच्या जागी. तिथे अनोळखी माणसाला, मग तो कुणाचा बाप असला तरी, प्रवेश नसावा. मूल सोबत असणं हा सज्जनपणाचा दाखला धरला, तर खरी काळजी घ्यायची राहूनच जाते.

दुसरा आक्षेप जागेचा. पुढच्या रांगेतल्या उंच माणसामागे लहान मुलाला काही दिसत नाही, हे खरंच आहे. एकट्या प्रौढांना मागची तिकिटं दिली की तो प्रश्न मिटतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: मोठे येऊ लागले, की निर्माते त्यांच्यासाठी लिहू लागतील, द्व्यर्थी विनोद आणि जुन्या आठवणींचा मसाला वाढेल आणि मूल बाजूला पडेल. ही भीती रास्त आहे. पण मोठ्यांची आवड बालनाट्यात आजही शिरलेलीच आहे, कारण तिकीट पालक काढतात. मुलाने काहीतरी शिकावं ही त्यांची अपेक्षा असते. म्हणून कथा थांबवून उपदेश सुरू होतो. एकट्याने आलेल्या माणसाला कुणाला काही शिकवायचं नसतं. संहिता ढिली आहे, गाणी ध्वनिमुद्रणावर ओठ हलवून उरकली आहेत, हे त्याच्या लक्षात येतं आणि तो ते बोलतो. मुलं कंटाळली तर चुळबुळ करतात. का कंटाळली हे त्यांना सांगता येत नाही. मोठ्यांच्या नाटकाला परीक्षणातून जसं सतत तपासलं जातं, तसं बालनाट्याला क्वचितच तपासलं जातं.

म्हणून येत्या सुट्टीत एखादं चांगलं बालनाट्य लागलं, तर सोबत न्यायला भाचा-पुतण्या शोधत बसू नका. मागच्या रांगेचं तिकीट काढा, मुलांचा दंगा गृहीत धरा आणि प्रयोग कसा झाला ते कलाकारांना स्पष्टपणे कळवा.