पोराचं बँक खातं परक्याच्या हाती नको

शेतकरी बंधूंनो, बारावी झाली की आपली पोरं-पोरी पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगरला शिकायला जातात. खोलीचं भाडं, मेसचा डबा, परीक्षेची फी हा खर्च आपण कांदा-सोयाबीनच्या पट्टीतून काढून त्यांच्या खात्यावर घालतो. महाडीबीटीची शिष्यवृत्तीही आधार जोडलेल्या खात्यावरच जमा होते. नेमकं तेच खातं आज भामट्यांना हवं आहे.

कारण साधं आहे. ऑनलाइन फसवून उकळलेला पैसा भामटा स्वतःच्या नावावर घेत नाही. घेतला तर माग लागतो. त्याला खातं लागतं दुसऱ्याचं. मग वसतिगृहात किंवा कट्ट्यावर कोणी गोड बोलून ओळख काढतो. नव्या शहरात एकट्या पडलेल्या पोराला सोबत हवीच असते. चार दिवस चहा-वडापाव चालतो आणि पाचव्या दिवशी, "माझं खातं बंद पडलंय रे, थोडे पैसे तुझ्या खात्यावर मागवतो, काढून दे. तुलाही काही सुटतील." कोणी तर पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम कार्डच महिन्याच्या भाड्यानं मागतो. पोरगं पैशापेक्षा भिडेपोटीच 'हो' म्हणतं.

पुढं कुठल्या तरी परराज्यात तक्रार होते आणि खातं गोठवलं जातं. घरून पाठवलेले पैसे आणि शिष्यवृत्ती दोन्ही त्यात अडकतात. कागदावर नाव आपल्या पोराचं, त्यामुळे चौकशीलाही त्यालाच बोलावणं येतं.

दुसरीही सोंगं आहेत. मोबाईलवर व्हिडिओ 'लाईक' करण्याचं काम देतात, आधी शे-दोनशे हातावर ठेवतात, मग हजारो भरायला लावतात. कोणी पोलिसाचा वेष करून व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अटक' झाली म्हणून धमकावतो. अशी अटक कायद्यात नाही. आणि एवढं पक्कं ध्यानात असू द्यावं, की यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही.

फसलेलं पोर बहुधा घरी सांगत नाही. बाप ओरडेल, शिक्षण बंद करील, ही भीती. इथं चूक आपलीही आहे, बरं का. लपवण्यात दोन दिवस गेले की पैसा या खात्यातून त्या खात्यात पांगतो. ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवलं, तर वाटेतली रक्कम रोखता येण्याची शक्यता असते. बँकेलाही लगेच कळवावं. मोबाईलवरचे निरोप पुसू नयेत आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा.

सरपंच आणि पोलीस पाटलांना एक विनंती. जून-जुलैत दाखल्यांसाठी पोरं गावातच असतात. तेव्हा ग्रामपंचायतीच्या फलकावर १९३० मोठ्या अक्षरात लिहावा. आणि तुम्ही रात्री पोराला फोन लावाल, तेव्हा डबा आणि हजेरी विचारून झाल्यावर एटीएम कार्ड कुणाच्या खिशात आहे तेही विचारा. मात्र दम देऊन नको.